सांक्त आन्नाबेर्ग ऊर्फ गुरा श्फ्येन्तेय आन्नी: दोन नावांच्या टेकडीवरचा रविवार

पोलंडमध्ये व्रोत्सवाफहून क्राकोकडे ए-४ महामार्गाने निघालं की ओपोले मागे पडल्यावर सपाट शेतांमधून एकदम एक टेकडी वर येते. माथ्यावर चर्चचा मनोरा दिसतो. या रस्त्याने जाणारे आपले बहुतेक लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात, कारण क्राको आणि आउशवित्झ एका वीकेंडात उरकायचं असतं. व्रोत्सवाफमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे की एक रविवार या टेकडीसाठी काढा. पोलंड आणि जर्मनीचं नातं समजून घ्यायला मला संग्रहालयांपेक्षा या पाचेकशे वस्तीच्या गावाचा जास्त उपयोग झाला.

गावाचं पोलिश नाव गुरा श्फ्येन्तेय आन्नी, जर्मन नाव सांक्त आन्नाबेर्ग. दोन्हींचा अर्थ एकच, संत आन्नाची टेकडी. आन्ना म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. वेशीवरच्या पाटीवर दोन्ही नावं एकाखाली एक आहेत, पोलिश वर, जर्मन खाली. पोलंडच्या २००५ सालच्या अल्पसंख्याक कायद्यानुसार, ज्या गमिनात (आपल्याकडच्या मोठ्या ग्रामपंचायतीसारखी रचना) किमान २० टक्के लोक स्वतःला अल्पसंख्याक म्हणून नोंदवतात, तिथे अशी पाटी लावता येते. हे गाव लेश्नित्सा गमिनात येतं आणि तिथे ती अट पूर्ण होते. आजूबाजूच्या भागात काही पाट्यांवरच्या जर्मन नावांवर रात्रीतून काळा रंग फासला गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. बेळगावकडच्या वाचकांना पाट्यांचं राजकारण वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न. आजची जर्मन सीमा इथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. मग जर्मन बोलणारं गाव इथे कसं? आणि सीमेला लागून असलेल्या पोलिश गावांत जर्मन का ऐकू येत नाही? १९४५ पर्यंत हा मुलूख जर्मनीत होता, त्यानंतर पोलंड नकाशावर पश्चिमेला सरकला. व्रोत्सवाफसारख्या शहरांतून जवळजवळ सगळे जर्मन घालवून दिले गेले आणि सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखातले पोलिश लोक तिथे आणून वसवले. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक त्याच पूर्वेकडच्या मुलखातले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं पोलंडमध्ये उरलीच नव्हती.) ओपोलेच्या भागात मात्र वेगळं घडलं. इथल्या शेतकऱ्यांची घरातली बोली सायलेशियन, म्हणजे स्लाव्ह कुळातली, आणि शाळेची भाषा जर्मन. नव्या सरकारने ठरवलं की हे मूळचे पोलिशच, फक्त जर्मनाळलेले. त्यांची ‘पडताळणी’ केली, कागद दिले आणि राहू दिलं. म्हणून जुनी माणसं इथे टिकली आणि त्यांच्याबरोबर जर्मनही, पण दारं लावून.

जायचं कसं ते सांगतो. गाडी असेल तर ए-४ सोडल्यावर थोड्याच वेळात तुम्ही वर पोचता. फक्त यात्रेच्या रविवारी वरचा वाहनतळ सकाळीच भरतो, तेव्हा खाली गाडी लावून चालायची तयारी ठेवा. गाडी नसेल तर ओपोले ते केंजेझिन-कोझ्ले मार्गावरच्या झ्जेशोवित्से स्टेशनवर उतरा. तिथून टेकडी पाच-सहा किलोमीटर आहे. शनिवार-रविवारच्या बसवर भरवसा ठेवू नका. चालत जायचं तर वाटेत झिरोवा गाव लागतं. तिथला महाल गाशिन घराण्याचा, आणि टेकडीवरचा मठ याच घराण्याच्या आश्रयाने उभा राहिला. उन्हाळ्यात ही वाट सुंदर आहे, झाडीही चांगली आहे. नोव्हेंबरात मात्र चार वाजता अंधार पडतो, तेव्हा हा बेत करू नका.

वर पोचलात की आधी चर्चमध्ये जा. सोळाव्या शतकापासून इथे देवस्थान आहे, १६५५ मध्ये फ्रान्सिस्कन साधू आले आणि आजही मठ त्यांच्याकडेच आहे. मधल्या काळात प्रशियाच्या, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मन राज्याच्या, सरकारने त्यांना दोनदा घालवलं होतं, १८१० मध्ये मठांच्या मालमत्ता ताब्यात घेताना आणि पुन्हा बिस्मार्कच्या चर्चविरोधी मोहिमेत. वेदीवरची आन्नाची मूर्ती बघून पहिल्यांदा येणाऱ्याला आश्चर्य वाटतं, कारण ती जेमतेम दोन-सव्वादोन फुटांची आहे. लाकडाची मूर्ती, एका हातावर मरिया, दुसऱ्यावर बाळ येशू. अंगावर भरजरी झगा असल्यामुळे लाकूड जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ते काळपट चेहरे आणि मुकुट. गाभाऱ्याजवळच्या बाकावर थोडा वेळ बसा. लोक गुडघ्यावर येतात, हळू आवाजात काहीतरी पुटपुटतात. तीन माणसं शेजारी असली तर तीन बोलींत.

टेकडीच्या उतारावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली छोटी-छोटी देवळं विखुरलेली आहेत. येशूच्या शेवटच्या वाटचालीतला एकेक प्रसंग एकेका देवळात. यात्रेकरू गात-प्रार्थना करत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जुन्या काळी इथे पोलिश यात्रा वेगळ्या आणि जर्मन यात्रा वेगळ्या निघत, एकाच देवळांना, एकाच वाटेने, वेगवेगळ्या तारखांना. साधूंना दोन्ही भाषांत प्रवचन करावं लागे. एकोणिसाव्या शतकात त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटायला लागलं ते विसाव्या शतकात.

२० मार्च १९२१ ला इथे सार्वमत झालं: अप्पर सायलेशिया, म्हणजे हा सगळा प्रदेश, जर्मनीत राहणार की पोलंडमध्ये जाणार? जर्मनीला सुमारे साठ टक्के मतं पडली, पोलंडला चाळीस. पण हा आकडा फसवा आहे. शहरं जर्मनीकडे, पूर्वेची बरीच खेडी पोलंडकडे, आणि ही टेकडी ज्या तालुक्यात होती तिथे कौल जवळजवळ निम्मा-निम्मा. म्हणजे शेजारी-शेजारी, कधी भाऊ-भाऊ दोन बाजूंना. त्यात जन्म इथला पण पोट भरायला पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हूरच्या खाणींत गेलेल्यांनाही मत होतं, ते खास गाड्यांनी मतदानाला आले. मे महिन्याच्या सुरुवातीला वोइचेख कोर्फांतीच्या नेतृत्वाखाली पोलिश बाजूने तिसरा उठाव केला आणि टेकडी घेतली. २१ मे रोजी जर्मन स्वयंसेवक तुकड्यांनी, त्यात बव्हेरियाहून आलेले बरेच, ती परत जिंकली. आठवडाभर आसपासच्या खेड्यांत लढाई चालली. पुढे राष्ट्रसंघाने प्रदेशाची फाळणी केली, १९२२ मध्ये सीमा टेकडीच्या पूर्वेला आखली गेली आणि आन्नाबेर्ग जर्मनीत राहिलं. गावातलं उठावांचं संग्रहालय याच विषयावर आहे. ते जरूर बघा, पण ते एका बाजूने सांगितलेलं आहे हे ध्यानात ठेवून. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बहुतेक पोलिश संग्रहालयं बंद असतात.

चर्चपासून थोडं खाली उतरलं की चुनखडीच्या जुन्या खाणीत नाझींनी बांधलेलं प्रचंड उघडं सभागृह आहे, अँफीथिएटर. १९३४ नंतर बांधायला घेतलं, सुमारे तीस हजार माणसं मावतील असं. त्याच्यावरच्या कड्यावर १९२१ मध्ये पडलेल्या जर्मन सैनिकांचं किल्ल्यासारखं स्मारक उभं केलं होतं. बेत उघड होता, आन्नाच्या यात्रेच्या टेकडीवर दुसरी यात्रा भरवायची. १९३९ च्या उन्हाळ्यात या भागातल्या चर्चमधून पोलिश बंद झालं. युद्धात इथेच महामार्गाच्या कामासाठी ज्यू कैद्यांची वेठबिगार छावणी होती, पोलिश कुटुंबांचीही छावणी होती. ज्या ए-४ ने तुम्ही आलात, त्याचा पाया त्या काळातला आहे.

१९४५ मध्ये पोलिश सरकारने ते जर्मन स्मारक सुरुंग लावून उडवलं आणि त्याच जागी १९५५ मध्ये उठावकऱ्यांचं स्मारक उभं केलं. शिल्पकार क्सावेरी दुनिकोव्स्की, स्वतः आउशवित्झमधून वाचलेला. ग्रॅनाइटचे अवाढव्य खांब, खांबांतून बाहेर आलेले सायलेशियन माणसांचे चेहरे, मोठं नाक, घट्ट मिटलेले ओठ. मला हे शिल्प आवडतं, आणि तरीही तिथे उभं राहिल्यावर वाटतं की पायाखालची पायरी तीच, समोरची खाण तीच, फक्त कुणाच्या मेलेल्यांना हार घालायचा तेवढं बदललं. थिएटरच्या दगडी पायऱ्यांमधून आता गवत उगवलंय, पोरं सायकली घेऊन येतात. पाऊस पडून गेला असेल तर त्या पायऱ्या फार निसरड्या होतात, वयस्कर माणसांना घेऊन उतरू नका.

युद्धानंतर भाषाबंदीची पाळी उलटली. जर्मन घरात बोललं तरी तक्रार व्हायची, शाळांमधून ती गेली, माणसांची नावं बदलली गेली, भिंतींवरची आणि थडग्यांवरचीही जर्मन अक्षरं खरवडली गेली. जवळच्या कुठल्याही गावाच्या दफनभूमीत दहा मिनिटं फिरा. एकाच कुटुंबाच्या दगडांवर आजोबांचं आडनाव एका स्पेलिंगने, नातवाचं दुसऱ्या. काही जुन्या दगडांवर ओळीच्या जागी नुसता छिन्नीने खरवडलेला पट्टा आहे, त्यावर बोट फिरवलं तर खड्डा जाणवतो.

जर्मन मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, इथे उघडपणे पुन्हा सुरू झाली ती ४ जून १९८९ ला, ओपोलेचे बिशप आल्फोन्स नोसोल यांच्या पुढाकाराने. पोलंडमध्ये त्याच दिवशी कम्युनिस्ट राजवटीतली ती प्रसिद्ध अर्धमुक्त (ठरावीक जागांवरच खुली लढत असलेली) निवडणूक चालू होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मन चॅन्सेलर हेल्मुट कोल पोलंडला आले, तेव्हा त्यांना समेटाची मिस्सा इथेच हवी होती. पण आन्नाबेर्ग म्हटल्यावर पोलिश लोकांना १९२१ आणि नाझी मेळावे आठवले, विरोध झाला आणि ती १२ नोव्हेंबरला क्शिझोवा गावी झाली. बर्लिनची भिंत तीन दिवसांपूर्वी पडली होती, कोल मधेच बर्लिनला जाऊन परत आले होते. १९९१ च्या पोलंड-जर्मनी करारानंतर अल्पसंख्याकांना मान्यता मिळाली. तरी सगळं मिटलं असं समजू नका: २०२२ मध्ये सरकारने फक्त जर्मन मुलांचे मातृभाषेचे तास आठवड्याला तीनवरून एकवर आणले होते, ते २०२४ मध्ये पुन्हा तीन झाले.

रविवारच्या जर्मन मिस्सेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. बहुतेक डोकी पांढरी. गाणी पाठ, पुस्तक नुसतं हातात धरलेलं. बाहेर आल्यावर एका आजींनी मैत्रिणीशी सायलेशियनमध्ये गप्पा सुरू केल्या, नातवाला पोलिशमध्ये दटावलं, आणि मला बघून जर्मनमध्ये विचारलं, कुठला रे तू? इंडिया म्हटल्यावर म्हणाल्या, मग इथे थंडी वाजत असेल, चर्चच्या आत बस. तुम्ही स्वतःला जर्मन समजता की पोलिश, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर होता. विचारला नाही, तुम्हीही विचारू नका. बहुतेकांना या प्रश्नावर घरात कधी ना कधी फॉर्म भरावा लागलेला आहे. तरुण दुकानदारांशी थेट जर्मनमध्ये सुरू होऊ नका, आधी ‘ज्येन दोब्री’ (पोलिशमधला नमस्कार) म्हणा. समोरचा स्वतः जर्मनवर आला तर गोष्ट वेगळी. मिस्सेची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, दारातला फलक किंवा मठाचं संकेतस्थळ बघून निघा.

गर्दी हवी असेल तर २६ जुलैच्या जवळचा रविवार, म्हणजे आन्नाची यात्रा. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मध्यालाही देवळांच्या वाटेवर मोठ्या फेऱ्या निघतात. दोन्ही भाषा एकत्र ऐकायच्या तर जूनच्या सुरुवातीची अल्पसंख्याकांची यात्रा बघा. शांतपणे बघायचं तर मे महिन्यातला साधा शनिवार. लहान मुलं बरोबर असतील तर जुनी दगडाची खाण दाखवा. ही टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे, तिथला काळा दगड सह्याद्रीच्या बेसाल्टच्या नात्यातला, हात लावला की ओळख पटते.

खाण्याचं म्हणाल तर इथलं रविवारचं जेवण म्हणजे गोमांसाची गुंडाळी, बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी. शाकाहाऱ्यांनी गोळे आणि कोबी वेगळे मागावेत, पण गोळ्यांवर मांसाचा रस्सा ओततात, तेव्हा ‘बेझ सोसू’ म्हणजे सॉसशिवाय असं आधीच सांगा. कोबीतही कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, विचारून घ्या. पनीर-बटाट्याचे पिएरोगी (करंजीसारखे, उकडलेले) मिळाले तर उत्तम, फक्त वर तळलेली चरबी नको म्हणा. झुरेक सूपमध्ये सॉसेज असतं. कोवोच नावाचा खसखशीचा किंवा चीजचा चौकोनी केक मात्र सोडू नका, लग्नाच्या आधी शेजाऱ्यांना वाटण्याची इथली पद्धत आहे. रविवारी पोलंडमध्ये बहुतेक दुकानं बंद असतात, पाणी आणि खाऊ शनिवारीच घ्या. पैसे झ्लोटीत द्यावे लागतात. यात्रेच्या दुकानांत मेणबत्त्या, माळा, प्लास्टिकच्या तलवारी असं सगळं मिळतं, पण कार्ड सगळीकडे चालेल असं नाही, थोडी रोख बाळगा. रेल्वेने आलात तर परतीच्या गाडीची वेळ येतानाच फोनमध्ये टिपून ठेवा, आणि झ्जेशोवित्सेपर्यंत उतरायला दीड तास धरा.