मोंजुईकच्या रस्त्यावर, लेला लोम्बार्दीच्या अर्ध्या गुणामागे

बार्सेलोनातले सुरुवातीचे दिवस गाउदीच्या इमारती, रांगा आणि मोबाइलवरची तिकिटं यांत गेले. त्यावर ढिगाने लिहिलेलं आहे, मी भर घालत नाही. लिहायचंय ते मोंजुईक टेकडीबद्दल, आणि तेही किल्ला किंवा केबल कारबद्दल नाही. टूरच्या बसमधून आपली मंडळी इथे संध्याकाळी कारंजं बघायला येतात, फोटो काढतात आणि जेवायला परत जातात. ज्या रस्त्याने बस चढते त्याच रस्त्यावर 1969, 1971, 1973 आणि 1975 साली फॉर्म्युला वनची स्पॅनिश ग्रां प्री झाली, हे गाइड सांगत नाहीत. त्यातल्या शेवटच्या शर्यतीत लेला लोम्बार्दी या इटालियन स्त्री-ड्रायव्हरला अर्धा गुण मिळाला, त्याच्यामागे ही माझी पायपीट.

वेगळा ट्रॅक असा इथे कधी नव्हताच. बागेतलेच रस्ते, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, आणि 3.79 किलोमीटरची फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेने. 1975 साली निकी लाउडाने ही फेरी साधारण 83 सेकंदांत मारली. पायी चालायला निवांत दीड तास धरा. पॅरालेल मेट्रो स्टेशनातून फ्युनिक्युलर वर येते, तिला मेट्रोचंच तिकीट चालतं. नाहीतर प्लासा एस्पान्यावरून 150 नंबरची बस घ्या. ती पोब्ले एस्पान्योलवरून स्टेडियमकडे जाते, म्हणजे जवळपास अर्धी फेरी शर्यतीच्याच दिशेने फुकटात बघून होते. रस्ता मात्र चालू आहे, टुरिस्ट बस सारख्या येत असतात. त्यामुळे मधोमध उभं राहून रेसिंग लाइन, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची वाट, शोधायचा मोह आवरा. फुटपाथवरूनही पुरेसं कळतं.

मी स्टेडियमसमोरून सुरुवात केली. स्टार्ट-फिनिशची सरळ रेषा इथेच होती आणि गाड्यांचा तळ स्टेडियमच्या आत. पायी निघालं की पहिल्यांदा लक्षात येतो तो पुढचा उंचवटा. टीव्हीच्या जुन्या चित्रफितीत तो जाणवतही नाही. रस्ता हळूच चढतो, मग एकदम खाली सुटतो आणि मिरामारच्या बाजूला तीव्र डावं वळण येतं. उंचवट्यावर गाडीचं वजन चाकांवरून उतरतं. त्या क्षणी मागच्या चाकांना रस्त्याला चिकटवून ठेवणारी गोष्ट एकच, हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा मागचा पंख. 1969 साली ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे उंच पंख याच भागात मोडले आणि दोघेही कठड्यावर आदळले. त्यानंतर मोनॅकोला तसे उंच पंख बंदच झाले. सहा वर्षांनी, 27 एप्रिल 1975 ला, याच चढावर पुन्हा पंख मोडला. गाडी ग्रॅहम हिलच्याच संघाची होती.

पण त्याआधीचे दोन दिवस जास्त सांगण्यासारखे आहेत, कारण सगळं घडलं ते बोल्टांवरून.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कडेला डब्ल्यूच्या आकाराची जी पत्र्याची पट्टी दिसते, जातकुळीने तसलीच पट्टी इथे एकावर एक चढवून लावलेली होती. ती पट्टी भिंतीसारखी काम करत नाही. ताणलेल्या दोरखंडासारखी करते. गाडी एका जागी आदळली की ओढ शेजारच्या खांबांकडे जाते, पट्टी वाकते आणि गाडीचा वेग खाते. ही ओढ पुढे जाते ती फक्त जोडांतून. एका पट्टीचं टोक दुसरीवर चढवतात, सहसा आठ बोल्टांनी आवळतात, शिवाय खांबाला वेगळा बोल्ट. येणाऱ्या गाडीला पट्टीची उघडी कड समोरून दिसता कामा नये, म्हणून कुठली पट्टी वर आणि कुठली खाली हेही वाहतुकीच्या दिशेने ठरतं. यातले चार-पाच बोल्ट नसले, किंवा नट नुसते बोटांनी फिरवून सोडले, तरी लांबून पट्टी अगदी ठाकठीक दिसते. गाडी आदळली की मात्र जोड उघडतो आणि वाचवणारी पट्टीच पात्यासारखी गाडीत घुसते. या शर्यतीच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर 1974 मध्ये, अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला ड्रायव्हर हेल्मुट कोइनिग असाच गेला होता. नीट न बसवलेली खालची पट्टी सुटली आणि गाडी तिच्याखाली शिरली.

मोंजुईकला ड्रायव्हर मंडळी ट्रॅक बघायला पायी निघाली तेव्हा त्यांना हेच दिसलं. ढिले नट, कुठे बोल्टच नाहीत. शुक्रवारी बहुतेकांनी गाडी बाहेर काढायला नकार दिला. मग संघांचे मेकॅनिक पाने घेऊन स्वतः रस्त्यावर उतरले, संघमालक केन टिरेलसुद्धा. पण जवळजवळ चार किलोमीटर लांब, दोन्ही बाजू, एकावर एक पट्ट्या आणि प्रत्येक जोडाला आठ बोल्ट, हा हिशेब कुणीही करून बघावा. एवढ्या वेळात ते काम पुरं होणं शक्यच नव्हतं. दुसरीकडे आयोजकांनी धमकी दिली की शर्यत झाली नाही तर सिव्हिल गार्ड, म्हणजे सशस्त्र पोलीस, बोलावून गाड्या जप्त करू. हुकूमशहा फ्रँको अजून जिवंत होता, तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती. गाड्या स्टेडियमच्या आत, बाहेर पडायचं दार आयोजकांच्या हातात. त्या दगडी कमानीसमोर उभं राहिलं की कोंडी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. विश्वविजेता एमर्सन फित्तिपाल्दीने सराव फेरीत तीन संथ चकरा मारून निषेध नोंदवला आणि रविवारी तो सरळ घरी गेला. माझ्या मते त्या आठवड्यात शहाणा माणूस तोच.

लेला लोम्बार्दी थांबली. ती का थांबली याचे फार अर्थ लावू नयेत, बाकीचेही थांबलेच होते. शिवाय तिच्याकडे फित्तिपाल्दीसारखा मागे हटण्याचा ऐवज नव्हता. मारिया ग्रात्सिया लोम्बार्दी, जन्म 26 मार्च 1941, पिएमोंतेतल्या फ्रुगारोलो गावची. घरचा धंदा खाटकाचा, आणि मालाची गाडी चालवता चालवता हात बसलेला. 1970 ला इटलीत छोट्या इंजिनांच्या फॉर्म्युला 850 चं विजेतेपद, 1974 ला ब्रिटनमध्ये फॉर्म्युला 5000 मध्ये मोठ्या इंजिनांच्या गाड्या. त्याच वर्षी ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला वनचा पहिला प्रयत्न, गाडीवर 208 हा आकडा, कारण पैसे देणारं रेडिओ लक्झेंबर्ग 208 मीटरवर लागायचं. पात्रता हुकली. मार्च 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला ती शर्यतीत उतरली, 1958 मधल्या मारिया तेरेसा दे फिलिप्पिसनंतर पहिलीच स्त्री. इथे मोंजुईकला मार्च नावाच्या ब्रिटिश संघाची 751 ही गाडी, लवात्सा कॉफीचे पैसे, आणि जागा अगदी मागच्या रांगांत.

शर्यत सुरू होताच पहिल्या वळणाशीच दोन्ही फेरारी एकमेकींवर आदळल्या. शेक्टरच्या इंजिनाने रस्त्यावर ऑइल ओतलं, त्यावरून डोनह्यू आणि जोन्स घसरले. आघाडीवरचा हंट गेला, मग आघाडीवरच्या आंद्रेत्तीचं सस्पेन्शन गेलं. 26 व्या फेरीत आघाडीवर असलेल्या, हिलच्या संघातल्या श्टोमेलेनच्या गाडीचा, मघाच्या त्या उंचवट्याजवळ, पंखाचा आधार तुटला. गाडी कठड्यावर आदळून पलीकडे उभ्या असलेल्या माणसांत गेली. त्यात बळी गेले. श्टोमेलेन जबर जखमी होऊन वाचला. त्यानंतरही शर्यत काही फेऱ्या चालू राहिली आणि 75 पैकी 29 व्या फेरीला थांबवली. विजेता योखेन मास, त्याच्या मागे इक्स आणि रॉयटेमान. लेला दोन फेऱ्या मागे, सहावी. ठरलेलं अंतर न झाल्यामुळे गुण निम्मे, म्हणून सहाव्या क्रमांकाच्या एकाऐवजी अर्धा.

‘बाकीचे पडले म्हणून ती सहावी आली’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. खोटं नाही. पण मिरामारच्या वळणावरून फोन्त देल गातकडे पायी उतरून बघा. उतार, झाडांच्या सावलीत एकामागून एक वळणं, रस्ता पुरता दिसत नाही तोवर पुढचं वळण आलेलं. इथे ऑइल सांडलेलं, पट्ट्यांचे नट ढिले आहेत हे तुम्हाला ठाऊक, आणि हातात पॉवर स्टिअरिंग नसलेली, आठ सिलिंडरच्या कॉसवर्थ इंजिनाची गाडी. त्या दिवशी नुसतं रस्त्यावर राहणं हेच काम होतं आणि ते पुष्कळ नावाजलेल्यांना जमलं नाही.

खाली कारंज्याच्या मागून रस्ता सपाट होतो आणि पोब्ले एस्पान्योलकडे चढू लागतो. दुपारच्या उन्हात हा टप्पा अजिबात नको, पाणी बरोबर घ्या. पुढे सान्त जोर्दीपर्यंत लांब पल्ल्याची, वेगाची वळणं आहेत. लेलाच्या गाडीचं दुखणं नेमकं अशा वळणांत बाहेर यायचं. ती वर्षभर सांगत होती की गाडी वळणात हवी तशी वागत नाही, अंडरस्टिअर करते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी पुरती वळत नाही. तिचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1976 च्या पहिल्या शर्यतीनंतर तिची जागा नावाजलेला ड्रायव्हर रॉनी पीटरसनला मिळाली. मार्च संघाच्या गोटातून पुढे आलेली हकीकत अशी, की त्यानेही तीच तक्रार केली. मग गाडी उघडली, तर मागच्या मॅग्नेशियमच्या बल्कहेडला, म्हणजे आडव्या भिंतीला, तडा. त्या काळच्या गाडीत इंजिनच मागचा सांगाडा असायचं, ते चालक बसतो त्या टबला याच बल्कहेडवर आवळलेलं असायचं. तिथे तडा असेल तर पुढचा भाग आणि मागचा भाग एकत्र वळत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही आणि स्प्रिंगा, पंख कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. पीटरसन बोलला म्हणून गाडी उघडली गेली. ती बोलत होती तेव्हा दोष चालकात शोधला गेला. हे वाचताना माझा जो संताप झाला तो चढावरच्या उन्हानेही झाला नाही.

ऑगस्ट 1975 मध्ये 22.8 किलोमीटरच्या नुर्बुर्गरिंगवर ती सातवी आली, पण तेव्हा गुण पहिल्या सहांनाच. फॉर्म्युला वनमधल्या तिच्या एकूण शर्यती 12, शेवटची 1976 ची ऑस्ट्रियाची. त्यानंतर ती स्पोर्ट्स कारकडे वळली आणि तिथे तिने पूर्ण अंतराच्या शर्यती जिंकल्या. 1979 ला सिसिलीतली पेर्गुसाची सहा तासांची, एन्रिको ग्रिमाल्दीबरोबर. 1981 ला मुजेलोची सहा तासांची, जॉर्जो फ्रांचाबरोबर, ओसेल्ला गाडीत. 3 मार्च 1992 ला मिलानमध्ये कर्करोगाने ती गेली. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाच्या तक्त्यात गुण असलेली आजही ती एकटीच स्त्री. क्विझवाले दरवेळी अर्ध्या गुणाचाच प्रश्न काढतात. त्यांनी एकदा तरी मुजेलोबद्दल विचारावं.