ऊन पडलं तरी बर्फ का जात नाही? एडिंबरातल्या एका डॉक्टरांची गोष्ट

जानेवारीत इथे एडिंबरात दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन आलं, तरी आमच्या रस्त्याच्या कडेचा ढीग तसाच होता. फोनवर आईने विचारलं, "ऊन आहे म्हणतेस, मग बर्फ अजून गेला कसा नाही गं?"

तिला उत्तर देता देता डॉ. जोसेफ ब्लॅक आठवले. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्येच त्यांना नेमका हा प्रश्न पडला होता. तोवरचा समज असा की, बर्फ वितळायच्या बेताला आला की जराशी उष्णता पुरते, लगेच पाणी. ब्लॅक म्हणाले, तसं असतं तर पहिल्याच उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली आला असता आणि महापूर आले असते.

मग त्यांनी ग्लासगोत एक प्रयोग केला. काचेचे दोन सारखे पातळ गोल फुगे घेतले, दोन्हींत सारखंच पाणी. एकातलं गोठवलं, दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या जवळ आणलं आणि दोन्ही एका मोठ्या रिकाम्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापलं. बर्फाला त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले, म्हणजे २१ पट वेळ! एवढा वेळ उष्णता आत जातच होती, पण तापमापीला तिचा पत्ता नव्हता. ती बर्फाचं पाणी करण्यात खर्ची पडत होती. शाळेत आपण 'अप्रकट उष्मा' म्हणून शिकतो तो हाच. ब्लॅक यांच्या हिशेबाने तो १४० अंश फॅरनहाइटच्या आसपास निघाला, म्हणजे तेवढ्या उष्णतेने तेवढंच पाणी १४० अंशांनी तापलं असतं. आपल्या पुस्तकातले ग्रॅममागे ८० कॅलरी त्यांच्या मापात मांडले तर १४४ येतात. दोन फुगे, एक तापमापी आणि घड्याळ, एवढ्यावर इतकं अचूक! मला हे वाचून अक्षरशः भरून आलं.

पाण्याची वाफ होतानाही तेच घडतं, आणि आपल्याकडचा माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. ग्लासगो विद्यापीठात तेव्हा उपकरणं दुरुस्त करणारा एक तरुण होता, जेम्स वॅट. वाफेत एवढी उष्णता कशी दडते, हे त्याला ब्लॅक यांनी समजावलं. पुढे इंजिनाच्या कामासाठी पैसेही दिले.

पण ब्लॅक मुळात वैद्यकाचे. १७२८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे जन्म, वडील तिथे वाइनचे व्यापारी. शिक्षण बेलफास्ट, ग्लासगो आणि शेवटी एडिंबरा. त्या काळी मुतखड्याने लोक फार हाल काढत, आणि औषध म्हणून चुन्याची निवळी पाजत. ती शिंपल्यांच्या चुन्याची करावी की चुनखडीच्या, यावर इथल्या दोन प्राध्यापकांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. कोकणात शिंपल्यांचा चुना माहीत असलेल्या मला हा वाद फार जवळचा वाटतो. तरुण ब्लॅक या भांडणात पडले नाहीत. मुतखड्यावर सौम्य औषध मिळेल म्हणून त्यांनी मॅग्नेशिया नावाची पांढरी पूड घेतली आणि तराजू काढून बसले.

त्यातून जे हाती लागलं ते खडूच्या उदाहरणाने सांगते. १२० ग्रेन (तेव्हाचं एक बारीक वजन) खडू भाजला की ६८ ग्रेन कळीचा चुना उरतो. मग वजन गेलं कुठे? ब्लॅक म्हणाले, खडूत अडकलेली एक हवा निसटली. त्याच चुन्याला क्षारातून ती हवा परत दिली, तर वजन ११८ ग्रेनपर्यंत भरलं. जमाखर्च जुळला! या हवेला त्यांनी 'स्थिर हवा' म्हटलं. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. आपल्या उच्छ्वासातही ती असते, हे त्यांनी चुन्याच्या निवळीत फुंकून दाखवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने फुंकल्यावर निवळी दुधाळ झाली तेव्हा आम्ही मुली किती ओरडलो होतो! तो प्रयोग ब्लॅक यांच्याकडून आपल्यापर्यंत आलाय, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा १७५४ चा प्रबंध आणि १७५६ चा विस्तारित निबंध मुतखड्याचं औषध देऊ शकला नाही. रसायनशास्त्राला मात्र तोलून बघायची शिस्त त्यातून लागली.

१७६६ पासून ते एडिंबरात शिकवत. विद्यार्थी फीची नाणी आणत, तीही ते तोलून घेत, कारण झिजलेली, हलकी नाणी फार फिरत होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या शेवटच्या आजारात तेच डॉक्टर होते. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनी मृत्युपत्राची व्यवस्था त्यांच्यावर आणि भूगर्भशास्त्रज्ञ हटन यांच्यावर सोपवली. मला सर्वांत भावते ती वॉल्टर स्कॉटच्या बालपणीची गोष्ट. त्याला सांभाळणाऱ्या दाईला क्षय झाला होता आणि ती नोकरी जाईल म्हणून लपवत होती. ती गुपचूप डॉ. ब्लॅककडे गेली. त्यांनी बाळाच्या वडिलांना सावध केलं, आणि पुढचा कादंबरीकार वाचला.

ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्यांचं मोठं स्मारक आहे, पण ते आतल्या, एरवी कुलूपबंद असणाऱ्या भागात. हटनही तिथेच आहेत. बाहेर एका इमानी कुत्र्याच्या थडग्यापाशी पर्यटकांची गर्दी असते. मी गेल्या रविवारी गजांना नाक लावून बराच वेळ उभी राहिले. आतल्या गवतावर अजून बर्फ होता.

१७९९ च्या डिसेंबरात ते गेले. मित्रांनी सांगितलंय, ते खुर्चीत बसलेले होते, मांडीवर दुधाचं भांडं होतं आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता. नोकराला वाटलं, झोपलेत.