तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीचा पडदा का सोडला

लग्नात, गाडीत, भाजी घेताना, विचारणारे विचारतातच. "तुम्ही बातम्या द्यायच्या ना? परदेशातसुद्धा पाठवायचे. मग सोडलंत का?" आणि माझ्याआधी स्वतःच उत्तर देतात: मुलं, तब्येत, चॅनेलमधलं राजकारण. यातलं काहीही नव्हतं.

२५ एप्रिल २०१५ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिसऱ्या दिवशी मी आणि कॅमेरामन भक्तपूरला होतो. मातीत रचलेल्या विटांची जुनी घरं. गल्ल्याच उरल्या नव्हत्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, म्हणजे आमचं एकचं बुलेटिन तिथे सव्वाएकला. ढिगाऱ्याशी एक बाई बसली होती. स्टीलची ताटली पदराने पुसत होती. विटकरी धूळ निघायची, ती पुन्हा पुसायची. मी माइक घेऊन तिच्या शेजारी बसले. लाइव्ह सुरू व्हायच्या आधी कॅमेरामनने माझ्या पायाशी असलेली पाण्याची बाटली उचलून बाजूला ठेवली. फ्रेममध्ये येत होती.

कानात न्यूज डेस्क म्हणालं, "बाई रडतेय का? जवळ जा." मी विचारलं, "आपको कैसा लग रहा है?" ती म्हणाली, "पानी है?"

मी कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "पाहा, इथे लोकांना प्यायला पाणीही नाही." मग शनिवारची सुट्टी होती म्हणून शाळांतली मुलं कशी वाचली, तेही सांगितलं. चार मिनिटं. बाटली हातभर अंतरावर.

लाइव्ह संपल्यावर दिली. तिने झाकण उघडून मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाला लावली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला नेपाळी तरुणांनी ट्विटरवर 'गो होम इंडियन मीडिया' हा हॅशटॅग चालवला. मी चिडले. तीन दिवस अर्धपोटी, धक्क्यांच्या भीतीने उघड्यावर झोपून आम्ही काम केलं होतं. चित्रं गेली नसती, तर मदतीची घाई कुणाला झाली असती? तेव्हाची मी हेच भांडायची, आणि ते मला आजही खोडता येत नाही. पाणी पोचलंही. चार मिनिटांनी काय बिघडलं?

पण 'प्यायला पाणीही नाही' हे वाक्य माझंच होतं, डेस्कचं नव्हतं. आणि ते चांगलं जमलं म्हणून मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. हे घरीसुद्धा सांगायला मला दोन वर्षं लागली. त्यानंतर स्टुडिओत प्रॉम्प्टरवर मृतांचा आकडा आला की आवाज आपोआप खाली यायचा, शिकवल्यासारखा. २०१७मध्ये राजीनामा दिला.

बरोबर केलं का, माहीत नाही. माझ्या जागी जी मुलगी आली ती चांगलं काम करते. आणि उद्या पुन्हा तसा फोन आला तर मी जाणार नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. बॅग अजून कपाटावर आहे.