टाळ्या आणि बॅटऱ्यांचा कारखाना

फ्रान्सचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपाँ यांचं इराक युद्धाविरुद्धचं 14 फेब्रुवारी 2003 चं भाषण काल रात्री पुन्हा पाहिलं. कितव्यांदा, कोण जाणे. सुरक्षा परिषदेत सहसा टाळ्या वाजत नाहीत, त्या दिवशी वाजल्या. त्याआधी नऊच दिवस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तिथेच बसून, इराककडे घातक शस्त्रं आहेत असं सांगत, एक इवलीशी कुपी बोटांत धरून दाखवली होती. ती शस्त्रं पुढे सापडलीच नाहीत. व्हिलपाँ यांचं मागणं साधं होतं: शस्त्रं शोधणाऱ्या निरीक्षकांना वेळ द्या. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी 'जुना युरोप' म्हणून हिणवलं होतं, ते विशेषण व्हिलपाँ यांनी मानानं मिरवलं. युद्ध आणि परकी ताबा सोसलेल्या जुन्या खंडातून आलोय, म्हणाले.

तेव्हाच माझं मत पक्कं झालं. अमेरिका म्हणजे बळी तो कान पिळी, आणि शहाणपण युरोपात.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा या गावाबद्दल वाचलं आणि ते डळमळलं. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलं होतं. राखणीला डच सैनिक, मुक्काम जवळच्या पोतोचारीतल्या बॅटऱ्यांच्या जुन्या कारखान्यात. जुलै 1995 मध्ये बोस्नियन सर्ब सैन्यापासून पळत हजारो माणसं जीव मुठीत धरून त्या फाटकाशी आली. काही हजारांना आत घेतलं, मग त्यांनाही बाहेर काढलं. आठ हजारांहून जास्त पुरुष आणि पोरं मारली गेली. पोरं! युद्ध थांबलं ते नाटोच्या विमानांनी बॉम्ब टाकल्यावर आणि ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर तीन आठवडे वाटाघाटी झाल्यावर. सह्या मात्र पॅरिसला. ते मला अजून टोचतं.

तरी ती टाळी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्याच 2003 च्या ऑक्टोबरात व्हिलपाँ, जर्मनीचे फिशर आणि ब्रिटनचे स्ट्रॉ हे तीन परराष्ट्रमंत्री इराणच्या अणुकार्यक्रमावर बोलायला तेहरानला गेले. तिथून सुरू झालेली बोलणी अणुकरारापर्यंत पोचायला 2015 उजाडलं. बारा वर्षांची चिकाटी! 2018 च्या मे महिन्यात ट्रम्प त्यातून बाहेर पडले. आम्ही करार पाळू, असं युरोपातली सरकारं सांगत राहिली आणि त्यांच्याच मोठमोठ्या कंपन्यांनी अमेरिकी निर्बंधांच्या धाकानं इराणमधून काढता पाय घेतला.

आता 2035 पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) पाच टक्के संरक्षण आणि त्याच्याशी निगडित सुरक्षेवर खर्चायचं नाटो देशांनी हेगमध्ये ठरवलंय. पोतोचारीचं ते फाटक आठवलं की मला हे हवंसं वाटतं. बारा-बारा वर्षं बोलत राहण्याची सवय मात्र ते सोडतील की काय, एवढीच धास्ती आहे.