नाशिकची बाटली, सिंगापूरची बोट

विमानात बाटली चेक-इन बॅगेत, बोटीवर चढताना हातातल्या बॅगेत. क्रूझवर स्वतःची वाइन नेताना होणारी बहुतेक फजिती हे दोन टप्पे उलटे झाल्याने होते. म्हणून हा वृत्तांत वाइनच्या चवीपेक्षा बॅगांबद्दलच जास्त बोलतो.

मार्ग असा: मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथे एक मुक्काम, मग मरिना बे क्रूझ सेंटरवरून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची चार रात्रींची फेरी. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. दोन केबिन, चार प्रौढ, चार बाटल्या.

चारच का, तर नियम माणशी एक बाटलीचा आहे. वाइन किंवा शॅम्पेन, जास्तीत जास्त ७५० मिली, सीलबंद, आणि फक्त बोटीवर चढण्याच्या दिवशी. आशियातून सुटणाऱ्या फेऱ्यांना वयाची अट १८, अमेरिकेतून सुटणाऱ्यांना २१. आई-बाबा सोबत असतील आणि थेंबही घेत नसतील, तरी त्यांच्या नावाची बाटली मोजली जाते. दीड लिटरची मोठी बाटली ‘दोघांची मिळून एक’ म्हणून चालत नाही. खोक्यातली वाइन चालत नाही. बिअर, व्हिस्की, रम, फेणी यांना तर पूर्ण बंदी. केबिनमध्ये बसून प्यायलात तर शुल्क नाही. तीच बाटली डायनिंग रूममध्ये किंवा बारमध्ये उघडलीत तर बाटलीमागे १५ डॉलर, ज्याला कॉर्केज म्हणतात.

हे एका कंपनीचं झालं. कार्निव्हल अमेरिकेतून २१ वर्षांवरील माणशी एक बाटली हातातल्या सामानात नेऊ देते. नॉर्वेजियनमध्ये कॉर्केज चढतानाच लागतं, मग बाटली केबिनमध्ये प्या नाहीतर टेबलावर. डिस्ने त्याहून सैल: तिथे वाइनऐवजी बिअरही नेता येते. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर मात्र बाहेरची दारू चालतच नाही. गोव्याहून परतताना घेतलेली बाटलीही सुरक्षा तपासणीत अडकते, तेव्हा त्या फेरीसाठी पुढचं वाचायची गरज नाही. नियम बदलत राहतात. बुकिंगच्या कागदांसोबत आलेली मद्याची अट निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचावी आणि फोनमध्ये तिचा स्क्रीनशॉट ठेवावा. तपासणीच्या टेबलावर तो फार उपयोगी पडतो.

आता परवडतं का, याचा हिशोब. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. बोटीवर एक ग्लास साधारण १३ डॉलरला धरला, तर त्यावर १८ टक्के सेवाशुल्क चढून १५ डॉलर ३४ सेंट होतात. पाच ग्लास म्हणजे जवळपास ७७ डॉलर. स्वतःची बाटली डायनिंग रूममध्ये उघडली तर त्याच पाच ग्लासांना बाटलीची किंमत अधिक १५ डॉलर. मात्र पेयांचं पॅकेज घेतलं असेल तर ही सगळी यातायात व्यर्थ आहे, कारण ग्लासने मिळणारी वाइन त्यातच येते. आणि पॅकेज घेताना एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावं लागतं, त्यामुळे ‘एकाने पॅकेज, दुसऱ्याने बाटली’ ही युक्ती जमत नाही.

बाटली कुठली न्यावी? स्क्रूच्या झाकणाची, हे पहिलं उत्तर. सुलाच्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लांला ते असतं. बूच काढायचा स्क्रू न्यायचा, शोधायचा, विसरायचा प्रश्नच मिटतो. डायनिंग रूमच्या रात्रीच्या मेन्यूत एखादा भारतीय पदार्थ असतो, त्याच्या मसाल्यासोबत किंचित गोडसर शेनां ब्लां छान जाते. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेट्टेसारखी बुचाची रेड न्यायची तर स्क्रू चेक-इन बॅगेत टाका, विमानाच्या केबिनमध्ये तो जाऊ देत नाहीत. आणि बोटीच्या तपासणीत वाद नको म्हणून पाते नसलेला साधा घ्या. वर्षानुवर्षं जपलेली जुनी रेड मात्र घरीच राहू द्या. तळाशी बसलेला गाळ विमान, टॅक्सी आणि बोट यांच्या हेलकाव्यांनी वर येतो आणि चार रात्रींत नीट बसत नाही.

पॅकिंग. साध्या वाइनची भरलेली बाटली १.२ ते १.४ किलो, फेसाळ वाइनची १.६ किलोच्या आसपास. आतला दाब पेलायला तिची काच जाड असते. म्हणजे चार बाटल्यांत पाच-सहा किलो गेले. दोन बॅगांत विभागा. विमानात बाटली दाबाने फुटते हा गैरसमज आहे, सामानाचा कप्पाही दाबयुक्त असतो. बाटली फुटते ती आपटल्याने, बहुतेकदा बॅगेच्या चाकांकडच्या कोपऱ्यात. त्यामुळे बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गाठ मारून घाला, त्यावर जाड मोजा आणि टॉवेल गुंडाळा आणि ती बॅगेच्या मध्यभागी आडवी ठेवा. सगळीकडून चार बोटं कपडे हवेत, आणि दोन बाटल्या एकमेकींना भिडता कामा नयेत. २४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयाला चेक-इन बॅगेत प्रमाणाची मर्यादा नाही, फक्त वजनाची आहे. वाइन त्यात सहज बसते.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरल्यावर सीमाशुल्क. १८ वर्षांवरील प्रवाशाला दोन लिटर वाइन करमाफ आहे, किंवा एक लिटर व्हिस्कीसारखं मद्य आणि एक लिटर वाइन. अटी दोन: त्याआधी किमान ४८ तास सिंगापूरच्या बाहेर असलं पाहिजे, आणि मलेशियातून आलेलं नसावं. इथे आपल्याकडच्या टूरवाल्यांची मंडळी अडकतात. आधी क्वालालंपूर, मग बसने सिंगापूर, मग क्रूझ असा कार्यक्रम असेल तर सवलत शून्य. नाशिकहून आणलेली बाटलीसुद्धा लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायची. वाइनवर शुद्ध मद्यार्काच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर शुल्क आहे. १३ टक्क्यांच्या बाटलीत मद्यार्क असतो ९७.५ मिली, म्हणजे सुमारे साडेआठ डॉलर, वर ९ टक्के जीएसटी. रक्कम परवडते, लपवण्याचा दंड परवडत नाही. अशा टूरमध्ये वाइन सिंगापुरातच घेतलेली बरी. फेअरप्राइस किंवा कोल्ड स्टोरेज या सुपरमार्केटमध्ये ती मिळते, पण रात्री साडेदहा ते सकाळी सात सीलबंद मद्याची विक्री बंद असते. ‘जेवून आल्यावर घेऊ’ म्हणणाऱ्यांची बाटली इथेच राहते.

दुसरी अडचण मुंबईच्या ड्यूटी फ्री दुकानात सुरू होते. निघताना हौसेने लिटरभर सिंगल माल्ट घेतली जाते. विमानात, सिंगापुरात ती चालते, बोटीवर नाही. चढताना जमा झालेली बाटली परत मिळेल या भरवशावर राहू नका. क्रूझनंतर त्याच हॉटेलात मुक्काम असेल तर तिथल्या सामानघरात ठेवा आणि पावती घ्या. नसेल तर निघताना घेऊच नका.

बोटीच्या दिवशी सकाळी हॉटेलवर बॅगा बदला. हे काम टर्मिनलवर जाऊन करू नका. तिथे मोठ्या बॅगा हमाल दारातच घेतात आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला बॅग उघडून बनियनमधून बाटली शोधत बसता. त्याच दिवशी विमानाने येत असाल तर चांगीच्या पट्ट्यावरून बॅग आली की तिथेच बाटल्या बाहेर काढा. प्रत्येकाने आपापली बाटली आपापल्या हातातल्या बॅगेत ठेवावी. एकाच पाठपिशवीत चार बाटल्या एक्स-रेवर दिसल्या की थांबवतात, मग मागे राहिलेल्या काका-काकूंची वाट बघत रांग अडते. बाटली वरच्या भागात, सहज काढता येईल अशी ठेवा आणि विचारण्याआधीच सांगा. सोबत पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटल्या असतील तर त्या अर्ध्या लिटरच्या आत आणि केबिनमागे बारापेक्षा जास्त नकोत.

टर्मिनलला मरिना साउथ पिअर हे एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, स्टेशन जवळ आहे, तरी काचेच्या बाटल्या आणि चाकाच्या बॅगा असतील तर टॅक्सीच करा. बाटल्या टॅक्सीच्या डिकीत नाही, पायाशी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन तापते, बूच वर सरकतं आणि गळती सुरू होते. पायाशी मात्र एसीचा झोत असतो.

बाटली चुकून मोठ्या बॅगेत राहिली तर काय होतं? बॅग केबिनपर्यंत पोहोचत नाही. संध्याकाळ होते, शेजाऱ्यांच्या बॅगा दारात येऊन पडतात, तुमची येत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या सुरक्षा कक्षात जायचं, ओळख पटवायची, त्यांच्यासमोर बॅग उघडायची. बाटली नियमात बसत असली तरी तास-दीड तास जातो, आणि पहिल्या रात्रीच्या जेवणाचे कपडे त्याच बॅगेत असतात. शाम्पूच्या बाटलीत रम, माउथवॉशच्या बाटलीत व्होडका हे प्रकार त्या कक्षातल्या लोकांनी पुष्कळ पाहिलेले असतात. करू नका.

केबिनमधला छोटा फ्रिज खरं तर नुसता गारवा देतो. त्यात व्हाइट वाइन नीट थंड होत नाही. केबिनच्या अटेंडंटला बर्फाची बादली आणि वाइनचे ग्लास मागा. बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी, वर मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत व्हाइट तयार होते, फेसाळ वाइनला अर्धा तास द्या. पाणी न घालता नुसत्या बर्फात दुप्पट वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला फक्त टोकांनी टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. रेड कपाटात, जमिनीलगत. बाल्कनीत कुठलीच बाटली ठेवू नका. दिंडोरीची शांदों ही फेसाळ वाइन बाल्कनीत उघडायची हौस असेल तर बुचावर टॉवेल धरा आणि बूच नव्हे, बाटली फिरवा. समुद्रात बूच उडवणं म्हणजे समुद्रात कचरा टाकणं, आणि त्यावर दंड होतो.

बोट लागण्याची भीती असलेले लोक निघतानाच अॅव्होमिन घेतात. त्या दिवशी वाइन नको. दोन्ही मिळून गुंगी इतकी चढते की जेवणाच्या टेबलावरच मान टाकली जाते.

डायनिंग रूममध्ये बाटली नेली की वेटरला बसतानाच सांगा. तो १५ डॉलर खात्यावर टाकतो, बाटली उघडतो, थंड ठेवतो. उरलेली वाइन केबिन नंबरची चिठ्ठी लावून ठेवून देतात आणि दुसऱ्या रात्री आणून देतात. ठरलेल्या वेळेचं आणि ठरलेल्या टेबलाचं जेवण निवडलं असेल तर हे आपोआप होतं, कारण वेटर तोच असतो. कधीही या, कुठेही बसा असा पर्याय असेल तर नव्या वेटरला तुमच्या बाटलीचा पत्ता नसतो. केबिन नंबर सांगून मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत सूप संपलेलं असतं. केबिनमध्ये ग्लास भरून तो हातात घेऊन खाली येणारे पुष्कळ दिसतात, आणि सहसा कोणी हटकत नाही. पण नियमाच्या भाषेत ती पळवाटच आहे. शिवाय लिफ्टच्या गर्दीत रेडचा भरलेला ग्लास आणि कुणाची तरी पांढरी पैठणी, हे गणित १५ डॉलरपेक्षा महाग पडू शकतं.

पेनांग आणि फुकेतला घेतलेली बाटली परतताना गँगवेवर, म्हणजे बोटीत शिरायच्या पुलावर, जमा होते. पावती मिळते, आणि बाटली शेवटच्या दिवशी केबिनमध्ये येते. पावतीचा फोटो काढून ठेवा. ‘माणशी एक’चा नियम इथे लागू नाही, तो फक्त पहिल्या दिवसाचा.

परत सिंगापूरला उतरताना पुन्हा तीच करमाफीची अट. या फेरीचं शेवटचं बंदर फुकेत, त्यामुळे मलेशियाची अट आड येत नाही आणि ४८ तासही भरतात. शेवटचं बंदर मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग असलेल्या छोट्या फेरीत मात्र बाटली जाहीर करावी लागते. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. उरलेली सीलबंद वाइन त्यात मोजे-टॉवेलात परत गुंडाळा, कारण पुढचा टप्पा विमानाचा आहे. उघडलेली वाइन संपवा किंवा ओतून द्या, अर्धी बाटली बूच लावून बॅगेत घातली की शर्ट गेलेच. मुंबईला उतरल्यावर माणशी दोन लिटर मद्य करमाफ आहे, आणि नाशिकची परत आलेली बाटलीसुद्धा त्याच दोन लिटरात मोजली जाते. ती राहून गेलेली सिंगल माल्ट पट्ट्याजवळच्या ड्यूटी फ्रीमध्ये घेताना तेवढी बेरीज करून घ्या.