आमची वाटचाल : ब्राउझरपासून प्लेटपर्यंत

आम्ही मराठी अक्षरजुळणी आणि पानमांडणीचे सॉफ्टवेअर बनवतो. ते ब्राउझरमध्ये चालते, संगणकावर काही बसवावे लागत नाही. सुरुवातीला आम्हाला वाटले होते की ग्राहक याच सोयीसाठी येतील. प्रत्यक्षात छापखानेवाल्यांचा पहिला प्रश्न असे, "आमच्या जुन्या फायली उघडतील का?" आणि दुसरा, "प्लेट बरोबर निघेल का?" (प्लेट म्हणजे ज्यावरून छपाई होते तो धातूचा पत्रा.) पुढची सगळी वाढ या दोन प्रश्नांच्या मागोमाग झाली.

जुन्या फायलींचे दुखणे मोठे आहे. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तरी तालुक्याच्या गावांतली अनेक डीटीपी केंद्रे पुढे वर्षानुवर्षे त्यावरच काम करत राहिली, कारण श्री-लिपी, आकृती अशा फाँटांत जुळवलेला मजकूर त्यांच्याकडे साठलेला होता. या फाँटांत अक्षराला नव्हे, आकाराला क्रमांक असतो. अर्धा 'म' वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. त्यामुळे आकाराच्या जागी युनिकोड (आजची सर्वमान्य अक्षर-क्रमांक पद्धत) अक्षर ठेवले की झाले, असे होत नाही. जुन्या मजकुरात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, ती संपूर्ण जोडाक्षरानंतर न्यावी लागते. रफार शेवटी असतो, तो जोडाक्षराच्या आरंभी आणावा लागतो. 'मार्मिक' या शब्दात दोन्ही हलवाहलवी एकाच ठिकाणी येतात, म्हणून परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्राम, तपासायला तो उत्तम. 'दऱ्या'चे 'दर्या' होणे ही दुसरी नेहमीची चूक : अर्धचंद्री 'र'चा आकार परिवर्तकाच्या आकार-अक्षर यादीत वेगळा धरला नाही की ती हमखास होते. मजकुरात मध्येच आलेली इंग्रजी नावे आणि ईमेल पत्ते आधी फाँटच्या नावावरून बाजूला काढले नाहीत, तर त्यांचीही मराठी अक्षरे होतात. परिवर्तनानंतर मुद्रितशोधन टळत नाही. टळते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण ओळी तुटण्याची. ब्राउझर आणि संगणक बदलला की अक्षरांची रुंदी किंचित बदलू शकते. मग पुण्यात चाळीस ओळींत बसलेला मजकूर साताऱ्यात एकेचाळीस ओळींचा होतो आणि पान पुढे सरकते. म्हणून ब्राउझरची अक्षरमांडणी बाजूला ठेवून आम्ही हार्फबझ हे मुक्त मांडणी-इंजिन वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्ये प्रोग्राम वेगाने चालवण्याची सोय) घेतले. वेबअसेंब्ली २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली, त्यानंतरच हे व्यवहार्य झाले. फाँटही आमच्याच सर्व्हरवरून जातात, त्यामुळे तीच फाइल सगळीकडे तशीच दिसते. मजकुराची भाषा 'मराठी' अशी स्पष्ट सांगावी लागते. तसे केले आणि फाँटमध्ये मराठीचे नियम असले, तरच 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे उमटतात. वाचकाला कारण कळत नाही, पण पान परके वाटते.

खरा कस पीडीएफमध्ये लागतो. ब्राउझर लाल-हिरवा-निळा या तीन रंगांत विचार करतो, ऑफसेट छपाई चार शाईंत होते. ब्राउझरच्या 'प्रिंट'मधून काढलेल्या पीडीएफचे सेपरेशन, म्हणजे रंगांची शाईनुसार वेगळ्या प्लेटांत विभागणी, करताना काळा मजकूर चारही प्लेटांवर जाऊ शकतो. रजिस्ट्रेशन (चारही प्लेटांचे एकमेकींवर नेमके बसणे) केसभर हलले की नऊ पॉइंटातल्या मात्रा आणि अनुस्वार दुहेरी दिसतात. म्हणून आमचे पीडीएफ ब्राउझर बनवत नाही, सर्व्हरवर वेगळे बनते : मजकूर फक्त काळ्या शाईत १०० टक्के आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणे), चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेली छपाई). ओव्हरप्रिंट पांढऱ्या अक्षरांना मात्र कधीही लागू द्यायचे नाही. पडद्यावर ती छान दिसतात, प्लेटवर गायब होतात. काळ्या मथळ्याचा रंग बदलून तो पांढरा केला की ओव्हरप्रिंटची जुनी खूण तशीच राहते आणि घोटाळा होतो. आता रंग बदलताच ती खूण आपोआप निघते.

फोटोंबद्दलचा इशारा आम्ही सेंटिमीटरमध्ये देतो, कारण डीपीआय (दर इंचातले ठिपके) सांगून कोणी थांबत नाही. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. ३०० डीपीआयला तो साडेतेरा सेंटिमीटरपर्यंतच चालतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला तर मूळ आकारात येतो. आयफोनच्या सफारीच्या जुन्या आवृत्त्यांत वेगळीच गंमत. तिथे एका कॅनव्हासला (ब्राउझरमधली चित्र रंगवायची चौकट) १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा आणि ३०० डीपीआयचे ए-३ पान ३५०८ गुणिले ४९६१, म्हणजे त्याहून थोडे मोठे. पान कोरे दिसते. उपाय : पान तुकड्यांत रंगवायचे.

संपादक, मुद्रितशोधक आणि मांडणीकार एकाच अंकावर एकाच वेळी काम करू शकतात, दिवाळी अंकवाल्यांना हे भावले. एकाच चौकटीत दोघांनी एकदम लिहिण्याची सोय मात्र आम्ही दिली नाही. एकाने चौकट उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. प्रुफाच्या कामात कोणी काय बदलले हे कळणे जास्त महत्त्वाचे. वीज किंवा नेट गेले तर बदल ब्राउझरच्याच साठ्यात राहतात आणि जोडणी आली की वर जातात.

पैशांच्या बाजूने मासिक वर्गणी आम्हाला मानवली नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप कपातीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले : आधी संमती, कपातीपूर्वी २४ तास सूचना. शिवाय छोट्या केंद्रांचे काम हंगामी. लग्नसराई, जूनमधली शाळांची छपाई, दिवाळी, मग कॅलेंडरे. मधले महिने थंड. म्हणून वार्षिक वर्गणी किंवा छपाईयोग्य पीडीएफमागे शुल्क, असे दोनच पर्याय ठेवले. पडद्यावर काम करणे फुकट. १८ टक्के जीएसटी किमतीत धरूनच दाखवतो, नाहीतर बिलाच्या वेळी हुज्जत होते.

निवडणुकीच्या पत्रकांसाठी वेगळा साचा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१च्या कलम १२७-क नुसार मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक आहे. ती ओळ रिकामी असेल तर आमच्याकडून पीडीएफ निघत नाही. ग्राहक चिडतात, छापखाने खूश असतात.

सध्या काम चालू आहे ते फर्मा लावण्यावर, म्हणजे मोठ्या कागदावर पाने योग्य क्रमाने बसवण्यावर. पिनबांधणीच्या पुस्तिकेत पाने चारच्या पटीत हवीत आणि कागदाच्या एका बाजूवर शेजारी छापायच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज एकूण पाने अधिक एक यायला हवी : १६ पानी पुस्तिकेत १६ आणि १, २ आणि १५. हे गणित सोपे. जाड कागदावर आतली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा समास कमी होतो, तो आधीच किती भरून काढायचा हे कागदाच्या जाडीवर ठरते. जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन, ग्रॅममध्ये) सारखे असले तरी जाडी सारखी नसते. म्हणून जाडीचा आकडा आम्ही छापखान्याकडूनच मागतो.