ओस्तिया आंतिका: उंबरे वाचत फिरायचं बंदर

रोमला जाणारे बहुतेक जण पॉम्पेईसाठी अख्खा दिवस मोकळा ठेवतात. ओस्तिया आंतिका मात्र रोमपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर असूनही त्यांच्या यादीत नसतं. प्राचीन शहरातली साधी माणसं कुठे राहत, काय खात, काम संपल्यावर कुठे जात, हे बघायचं असेल तर आमच्या मते ओस्तिया आधी आणि पॉम्पेई नंतर.

टायबर नदीच्या मुखावरचं हे रोमचं बंदर. आज समुद्र जवळपास तीन किलोमीटर मागे सरकलाय आणि १५५७च्या पुरानंतर नदीनेही पात्र बदललं, त्यामुळे उभे राहाल तिथून पाणी दिसत नाही. पॉम्पेईसारखा इथे ज्वालामुखी फुटला नाही. शहर हळूहळू ओस पडलं, लोकांनी सामानसुमान नेलं, संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला. त्यामुळे टेबलावर तशीच राहिलेली भाकरी वगैरे इथे शोधू नका. उरलंय ते उचलून नेता न येणारं: विटांच्या भिंती, फरश्या, ओटे, जाती आणि उंबरे. हे कसं पाहायचं ते ठाऊक नसेल, तर दोन तासांत सगळीकडे सारख्याच पडक्या भिंती वाटू लागतात आणि माणूस कंटाळून परततो.

जाण्याचं सांगतो. मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे स्थानकाला उतरा. लगतच पोर्ता सान पाओलो स्थानक आहे, तिथून लिडोकडे जाणारी उपनगरी गाडी पकडा. या मार्गाला आता मेट्रोमारे म्हणतात. रोम शहराचं साधं तिकीट चालतं, लांबच्या गाडीचं वेगळं काढायला लागत नाही. उतरायचं ते 'ओस्तिया आंतिका' स्थानकावर. पुढे ओस्तिया लिडो नावाने सुरू होणारी स्थानकं आहेत, ती समुद्रकिनाऱ्याची. घाईत तिथे उतरणारे बरेच असतात. स्थानकाबाहेर पादचारी पूल ओलांडून सरळ चालत गेलं की दहाएक मिनिटांत प्रवेशद्वार लागतं. सोमवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण गर्दी तशीच. या मार्गावरच्या गाड्या वेळापत्रकाला फारशा धरून चालत नाहीत, म्हणून संध्याकाळचं विमान असलेल्या दिवशी हा बेत ठेवू नका. मोठं सामान रोमच्या तेर्मिनी स्थानकावर ठेवून या.

बूट जाड तळव्याचे हवेत. रस्त्यांवर काळ्या बेसॉल्टचे मोठे, गोलसर झिजलेले दगड आहेत, त्यांच्यात बोटभर फटी, आणि चप्पल घातलेल्या माणसाचा पाय नेमका तिथे मुरगळतो. मुख्य रस्ता, देकुमानुस माक्सिमुस, एक किलोमीटरहून लांब आहे. आडवे रस्ते धरून सहज चार-पाच किलोमीटर चालणं होतं. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, आणि संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर डासांचं मलम. खाण्याची सोय संग्रहालयाजवळच्या उपाहारगृहापुरती आहे. शाकाहारी माणसाने सोबत दशम्या किंवा सँडविच ठेवलेलं बरं. स्वच्छतागृहही त्याच बाजूला आहे, हे दूरच्या टोकाला निघण्याआधी लक्षात घ्या.

पोर्ता रोमाना, म्हणजे शहराची रोमच्या बाजूची वेस, ओलांडून आत आलात की मान खाली घाला आणि पहिला उंबरा शोधा. बहुतेक उंबरे ट्रॅव्हर्टाइनचे, म्हणजे पांढरट सच्छिद्र दगडाचे. दुकानाचा उंबरा लांब असतो आणि त्यात एका टोकापासून सुरू होऊन जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी खाच असते. दुसऱ्या टोकाला खाच थांबते आणि तिथे सपाट जागेत एक गोल भोक दिसतं. दुकान बंद करताना खाचेत एकेक लाकडी फळी सरकवत नेत, आणि शेवटी त्या भोकावर फिरणारं अरुंद दार लावून आतून अडसर घालत. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या पेठांत फळ्यांची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे क्षणात कळेल. घराचा उंबरा वेगळा. त्याला खाच नसते, दोन्ही टोकांना बिजागरीची भोकं आणि मधोमध कडीचं भोक. तिसरा प्रकार म्हणजे दोन दुकानांच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढं दार आणि लगेच वर चढणाऱ्या पायऱ्या. हे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं दार. हे तीन प्रकार ओळखता आले की कुठल्याही गल्लीत दुकानं किती, घरं किती आणि वर बिऱ्हाडं कुठे, हे पाटीशिवाय सांगता येतं. दारच विटांनी बुजवलेलं दिसलं, तर तिथला धंदा कधीतरी बंद पडला.

भिंतींचंही थोडं. चौकोनी दगड टोकावर उभे लावून जाळीसारखी दिसणारी भिंत जुनी. त्या जाळीला विटांची चौकट असेल तर साधारण त्रायानुस-हाद्रियानुस या सम्राटांच्या काळची, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धाची. नुसत्या विटांची असेल तर बहुतेकदा त्या सुमाराची किंवा नंतरची. विटांवर कारखान्याचे शिक्के मारत आणि काहींवर वर्षही असे, इ.स. १२३चे शिक्के इथे भरपूर मिळालेत. दुसऱ्या शतकातल्या या बांधकामाच्या धडाक्यात जुन्या वस्त्या पाडून, जमिनीची पातळी सुमारे मीटरभर उचलून तीन-चार मजली चाळी उभ्या राहिल्या. आज दिसतं ते शहर मुख्यतः तेच.

उजव्या हाताला नेपच्यूनची स्नानगृहं लागतात. मोझेक खाली उतरून दिसत नाही, बाजूच्या जिन्याने गच्चीवर चढा. काळ्या-पांढऱ्या खड्यांत चार समुद्री घोडे हाकणारा नेपच्यून आणि भोवती पोहणारे जलचर एकदम समोर येतात. (याच समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघाली आणि तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. इथून गेलेल्यांनी ती आधी बघून जावी.) थंडीत बरीच मोझेकं वाळू नि कापड घालून झाकतात, म्हणून मोझेकसाठीच जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. खडे उजळ दिसावेत म्हणून बाटलीतलं पाणी ओतणारे पर्यटक दिसतात. ते करू नका. पाण्याने सांधे सुटतात आणि शेवाळ धरतं.

पुढे नाट्यगृह. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने ते इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलं, इ.स. १९६मध्ये विटांत वाढवून झालं. आज बसायच्या पायऱ्या दिसतात त्या बहुतांश विसाव्या शतकातल्या डागडुजीच्या आहेत, तेव्हा 'दोन हजार वर्षांपूर्वीची बैठक' म्हणून भारावून जाऊ नका. जुनं बघायचं तर रंगमंचाजवळचे संगमरवरी मुखवटे आणि बाहेरच्या कमानींखालची दुकानं बघा. उत्तरकाळात रंगमंचापुढच्या अर्धवर्तुळाकार जागेत पाणी भरून जलक्रीडेचे प्रयोग होत, आणि त्या पाण्यासाठी प्रवेशमार्गालगतच्या दुकानांच्या टाक्या केल्या. दुकानाचं भाडं सोडून नगराने करमणुकीला जागा दिली, यावरून तिचं वजन कळतं. ओस्तियात अँफिथिएटर (ग्लॅडिएटरांच्या झुंजींचं गोल मैदान) किंवा रथशर्यतीचं मैदान आजवर सापडलेलं नाही. रोजची करमणूक म्हणजे नाटक, दारूचं दुकान आणि मुख्य म्हणजे स्नानगृह.

नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या पायरीवरून मागचा चौक बघा: पियात्साले देल्ले कोर्पोरात्सिओनी. तीन बाजूंना साठएक छोटे गाळे आणि प्रत्येकापुढे जमिनीवर मोझेक. आफ्रिकेतल्या साब्रथाच्या व्यापाऱ्यांपुढे हत्ती, कुठे दीपगृह, कुठे एका जहाजातून दुसऱ्यात मद्यकुंभ नेणारा हमाल, कुठे धान्याचं माप. कार्थेज, नार्बोन, काल्यारी अशी गावांची नावं वाचता येतात. सगळी मोझेकं बघायला पाऊण तास लागतो, आणि तो द्यावाच. वरून नुसता फोटो काढून पुढे जाण्यात ही जागा वाया जाते.

यानंतर पुष्कळ जण दमून परततात. पण रोजचं जगणं इथून पुढेच आहे.

मोलिनी रस्त्यावरच्या बेकरीत वेळ काढा. आत ज्वालामुखीच्या खरबरीत दगडाची मोठी जाती अजून जागच्या जागी आहेत. खालचा दगड उभ्या शंकूसारखा, वरचा डमरूसारखा. वरून दाणे ओतायचे, बाजूच्या खोबणीत लाकडी दांडा बसवून जनावराने गोल फिरायचं, पीठ शंकूच्या कडेने खाली पडायचं. जमिनीवर रस्त्यासारखेच बेसॉल्टचे दगड आहेत, कारण दिवसभर एकाच वर्तुळात फिरणाऱ्या खुरांनी मऊ फरशी उखडली असती. शेजारी दगडी पिंपासारखी भांडी दिसतील, ती कणीक तिंबायची. त्यांच्या पोटाला आडवी भोकं आहेत: त्यात दांडे घट्ट बसवलेले, मधे पाती लावलेला खांब फिरायचा, आणि दांडे नसते तर कणकेचा गोळा खांबासोबत नुसताच गरगरला असता. ही बेकरी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आगीत गेली, नंतर कुणी साफ केली नाही, म्हणूनच हे सगळं राहिलं.

तिथून दोन मिनिटांवर दियाना रस्त्यावरचं थर्मोपोलिउम, म्हणजे खाण्यापिण्याचं दुकान. बाहेर बसायला ओटे, दारात संगमरवरी ओटा, त्यात भांडी विसळायचा हौद, भिंतीला पायऱ्यांसारखी मांडणी आणि वर खाण्याच्या जिनसांचं चित्र. पॉम्पेईच्या ओट्यात पुरलेले रांजण असतात, ओस्तियात त्या जागी पाण्याचे हौद. मागच्या दाराने अंगणात जा, तिथे कारंजं आहे. समोरच्या उंच चाळीत स्वतःचं स्वयंपाकघर नसलेली बिऱ्हाडं होती, हे लक्षात घेतलं की हे दुकान चैनीचं नव्हे, रोजच्या जेवणाचं होतं हे कळतं.

फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, त्याच्याजवळची स्नानगृहं शहरातली सर्वांत मोठी, इ.स. १६०च्या सुमाराची. गरम खोल्या मुद्दाम दुपारच्या उन्हाकडे तोंड करून बांधल्यात. फरशी फुटली आहे तिथे खाली विटांचे बुटके खांब दिसतील, त्यांच्यामधून भट्टीची गरम हवा फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ कौलांमधून वर चढायची. जवळच वीसेक बैठकांचं सार्वजनिक शौचालय आहे. त्याचा उंबरा नीट पाहा, फिरत्या दाराच्या खुणा आहेत.

पश्चिमेकडे मुख्य रस्त्याला फाटा फुटतो तिथे मासळीची दुकानं: संगमरवरी टेबल, हौद, आणि मोझेकमध्ये डॉल्फिनच्या तोंडात ऑक्टोपस. खाली लिहिलंय, मत्सऱ्या, तुला तुडवतो. गिऱ्हाइकाच्या पायाखाली दृष्ट काढायची ही सोय. फोचे रस्त्याला धान्यमापाऱ्यांची खोली आहे. मोझेकमध्ये हमाल पोती आणतायत, मापारी माप भरून काठीने शीग सपाट करायला उभा आहे. पुढे 'सात ऋषींची' स्नानगृहं. ग्रीसचे सात ज्ञानी पुरुष भिंतीवर रंगवलेत आणि त्यांच्या तोंडी तत्त्वज्ञान नाही, पोट साफ होण्याचे सल्ले आहेत: सोलोन पोट चोळायला सांगतो, थालेस जोर लावायला. ही खोली आधी दारूचं दुकान होती, म्हणजे चित्र गिऱ्हाइकांना हसवायला काढलेलं. रंग फिके झालेत, डोळे सरावेपर्यंत थांबा. कधी खोलीला कुलूप असतं.

पोर्ता मारिना या समुद्राकडच्या वेशीजवळच्या दारूच्या दुकानात जमिनीवर दोन मल्ल आहेत, नावांसकट: अलेक्झांडर आणि हेलिक्स. गाजलेल्या खेळाडूंची चित्रं लावून गिऱ्हाईक ओढायचं हे तंत्र तेव्हाही होतं. गेटबाहेर जुन्या किनाऱ्याकडे चालत राहिलात तर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, लागतं. १९६१मध्ये विमानतळाचा रस्ता करताना ते सापडलं. इथवर फार थोडे येतात.

एक खंत नोंदवतो. शहराचा मोठा भाग १९३८ ते १९४२ या काळात, रोममध्ये १९४२ला ठरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईघाईने उकरला गेला. दुसऱ्या शतकातल्या भव्य भिंती दाखवायच्या होत्या, म्हणून वरचे उत्तरकाळातले थर नीट नोंद न करता उचलले. शेवटच्या दोन-तीन शतकांत इथे लोक कसे राहिले, याचा पुष्कळ पुरावा मातीच्या ढिगांबरोबर गेला. प्रदर्शन तर युद्धामुळे झालंच नाही.

संग्रहालय तिकिटातच आहे, आणि ते शेवटी न ठेवता दुपारच्या उन्हात करा. कोंबड्या-भाजी विकणाऱ्या बाईचं शिल्प चुकवू नका: ओट्यावर गोगलगायींची टोपली आणि शेजारी दोन माकडं. दुसरा दिवस हाताशी असेल तर इसोला साक्राची स्मशानभूमी आणि क्लाउदिउस आणि त्रायानुस या सम्राटांनी बांधलेली पोर्तुसची बंदरं बघा. त्यांचे वार आणि वेळा ओस्तियापेक्षा वेगळ्या असतात, आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर तपासा. ओस्तियासाठी मात्र पाच तास धरा, सकाळी दार उघडताच आत शिरा, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधीच थांबतो हे ध्यानात ठेवा.